बत्तीस गुरुवार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'माझा छंद' या विषयावर एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या छंदावर पंधरा मिनिटं बोलायचं असं सांस्कृतिक समितीनं ठरवलं. माझ्या आधी बागेवर बोलून झालं, जुन्या नाण्यांवर बोलून झालं. माझा छंद एकच, गाणं-वाजवणं ऐकण्याचा. त्यावर ज्ञान पाजळायला मी काही जाणकार नाही. म्हणून आज फक्त एका खरेदीबद्दल बोलतो. एक वस्तू घ्यावी की न घ्यावी, हे ठरवायला मला पन्नास वर्षं लागली. इथं बसलेल्यांपैकी काहींनी आपला फ्लॅट एका दुपारीत पसंत केला होता, हे मला माहीत आहे. तेव्हा तुम्ही हसणार. हसा की.

वस्तू म्हणजे एक संच. पुठ्ठ्याचा खोका, आत आठ-दहा सीडी, आणि त्यांत बीथोव्हेन या जर्मन संगीतकाराचे पियानोवरचे बत्तीस सोनाटा. बस्स, एवढंच.

सोलापूरचा माणूस या भानगडीत पडला कसा, ते आधी सांगतो.

मी १९७२ साली माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाइल शिकायला गेलो. खोलीवर माझा जोडीदार मडगावचा होता. त्याच्या घरी पियानो होता, आणि रविवारी तो मला काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये न्यायचा. तिथं काचेच्या छोट्या खोल्या होत्या. रेकॉर्ड मागायची, आत उभं राहून ऐकायची, आवडली तर घ्यायची. आम्ही ऐकायचो, घ्यायचो काहीच नाही. दुकानदारांनी आम्हाला कधी हाकललं नाही, हे त्यांचे उपकार. ते दुकान २०१६ साली बंद झालं.

१९७५ साली तिथं एक मोठा खोका बघितला. बत्तीसच्या बत्तीस सोनाटा, वाजवणारा विल्हेल्म केम्फ. त्यातली एक बाजू मी उभ्यानं ऐकली आणि किंमत विचारली. माझ्या मेसच्या तीन महिन्यांच्या पैशांपेक्षा जास्त होती. खोका परत दिला. मनात म्हटलं, नोकरी लागली की पहिल्या पगारात.

पहिला पगार आला तो बहिणीच्या लग्नात गेला. पुढचे कुठं गेले ते तुम्हाला सांगायला नको, तुमचेही तिथंच गेले.

नोकरी सोलापुरातच, एका गिरणीच्या विव्हिंग खात्यात. आता बंद पडलेल्या गिरण्यांची नावं आजच्या मुलांना फक्त बसथांब्यांवरून माहीत. पण तेव्हा गावाचं घड्याळ भोंग्यावर चालायचं. विव्हिंग खातं म्हणजे काय, ते आत गेल्याशिवाय कळत नाही. शेकडो माग, प्रत्येक मागात लाकडी धोटा इकडून तिकडे आपटतोय. आवाज शंभर डेसिबलच्या घरात. शेजारी उभा असलेला माणूस ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतो. कानात बोळे घालायचे असतात हे आम्हाला पुस्तकात माहीत होतं. घातले कुणी? मी इंजिनिअर, मीच घातले नाहीत. गिरणी गेल्यावर पुढची अठरा-वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यांत काढली. म्हणजे पुन्हा मागच.

कानांचं पुढं काय झालं, ते नंतर. आधी त्या खोक्यात काय आहे ते सांगतो, नाहीतर म्हणाल, एवढं काय त्यात?

पियानो म्हणजे आपल्या पेटीचा मोठा भाऊ, असा पुष्कळांचा समज असतो. पट्ट्या सारख्या दिसतात, म्हणून. पण आतलं यंत्र अगदी वेगळं. पेटीत भाता आहे. हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोत हवा नाही, तारा आहेत, सव्वादोनशेच्या आसपास. पट्ट्या अठ्ठ्याऐंशी. पट्टी दाबली की नमद्याची एक हातोडी उडून तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. त्या क्षणापासून तो सूर विझायला लागतो. वाजवणाऱ्याला तो वाढवता येत नाही, ओढता येत नाही. म्हणजे आपल्या गाण्याचा जो प्राण, मींड, ती पियानोत शक्यच नाही. शिवाय सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले, श्रुतींना जागा नाही. हाच आक्षेप आपल्याकडे पेटीवर होता. त्यापायी १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली होती, हे ज्येष्ठांना आठवत असेल.

मग माझ्यासारख्या भीमसेनजी, मन्सूरअण्णा ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात काय सापडलं? मला सापडला माग. हसू नका. मागावर उभे धागे ताणलेले असतात, तो ताणा. आडवा धागा धोट्याबरोबर येतो-जातो, तो बाणा. नुसता ताणा म्हणजे कापड नाही, नुसता बाणा म्हणजेही नाही. पियानोवर डावा हात एक विणतो, उजवा दुसरं, आणि कापड तयार होतं ते दोघांच्या मध्ये, ऐकणाऱ्याच्या कानात. आपल्याकडे एक सूर धरून खोल जायचं. इथं दोन-तीन धागे एकदम जातात, आपण कधी हा धरायचा, कधी तो. सवय लागेपर्यंत गोंधळ वाटतो. सवय लागली की दिसायला लागतं, तिरका पट्टा कुठून निघाला आणि कुठं जाऊन मिळाला.

सोनाटा म्हणजे दोन, तीन किंवा चार भागांची एक पूर्ण रचना. कधी जलद-संथ-जलद, कधी उलटंसुलटं. सगळ्यात छोटा सात-आठ मिनिटांत संपतो, सगळ्यात मोठा, एकोणतिसावा, पाऊण तासाच्या जवळ जातो. चौदावा जगभर 'मूनलाइट' नावानं प्रसिद्ध. हे नाव बीथोव्हेननं दिलेलं नाही, त्याच्या मृत्यूनंतर एका समीक्षकाच्या लिहिण्यावरून ते पडलं. पहिले सोनाटा १७९५ चे, शेवटचा १८२२ चा. म्हणजे एका माणसाची पंचविशीपासून पन्नाशीपर्यंतची रोजनिशीच. एखाद-दुसरा ऐकला तर ती नुसती सुंदर चीज. ओळीनं ऐकले तर माणूस बदलत जाताना ऐकू येतो. संच हवा तो याच्यासाठी.

आता मूळ प्रश्न. दोन वर्षांपूर्वी माझी एक ठेव मुदत संपून हातात आली. पन्नास हजार. मी कागदावर मांडलं. संच सात हजार दोनशे, बरा सीडी प्लेअर, दोन स्पीकर. सगळं मिळून पन्नासच्या आत बसत होतं. पन्नास वर्षांची उधारी फिटत होती.

पुण्याहून मुलगा म्हणाला, "बाबा, हे सगळं फोनवर फुकट आहे. आठ जणांनी वाजवलेलं आहे. सीडी कोण घेतं आता?" त्याचं खोटं नव्हतं.

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी कान तपासा." त्यांचंही खोटं नव्हतं, पण ते मला ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, मला नीट ऐकू येतंय. त्या काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही.

मी एक मधला मार्ग काढला. संच घेण्याआधी स्वतःची परीक्षा घ्यायची. मुलगा म्हणतो तसं फुकट ऐकायचं, पण शिस्तीनं. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, कार्यालयामागच्या हॉलमध्ये, एक सोनाटा. सोमवारी तिथं भजनी मंडळ असतं, शनिवारी वाढदिवस, गुरुवार मोकळा होता. बत्तीस गुरुवार टिकलो तर संच घ्यायचा. मध्येच कंटाळलो तर समजायचं, मला खोका हवा होता, संगीत नव्हे. फलकावर चिठ्ठी लावली: ज्यांना यायचं त्यांनी यावं, चहा मिळेल.

दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी सतरा माणसं आली. माझी छाती फुगली. मी दोन मिनिटं बोललो, फोन मोठ्या स्पीकरला जोडला आणि सुरू केलं. दुसऱ्या गुरुवारी बारा आले. तिसऱ्याला नऊ. संक्रांतीच्या आठवड्यात गड्ड्यामुळे एकही नाही, तो गुरुवार आम्ही मोजलाच नाही. नववा सोनाटा लागला तेव्हा माझ्यासकट चार माणसं. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "आपल्या गावाला हे पचणार नाही. शब्द नसले की लोकांना करमत नाही." लोकांना नावं ठेवताना माणसाला किती शहाणं वाटतं, बघा.

त्या चौघांत बी विंगच्या अक्का होत्या. त्यांना तुम्ही सगळे ओळखता. त्यांचं घर तेलुगू, शेजार कानडी, बाजार मराठी. माहेरी हातमाग होता. पुढच्या गुरुवारी मी तयारी करत असताना त्या जवळ आल्या, माझ्या समोर उभ्या राहिल्या, आणि मागावरच्या बाया बोलतात तसं ओठ स्पष्ट हलवून म्हणाल्या, "दादा, बाजा चांगला हाय. पण लई मोठ्यानं लावताय. पोरं कान दाबून बसत्यात. म्हणून कुणी येत नाही."

मी दहावीच्या मुलाकडे पाहिलं. सी विंगचा, कीबोर्ड वाजवणारा. तो खाली बघत होता. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नव्हतं, कारण मी वडीलधारा.

त्या दिवशी मी काही लावलं नाही. चहा घेतला आणि घरी आलो. आणि मग एकेक आठवायला लागलं. टीव्हीवरून होणारी भांडणं. नात फोनवर शाळेतलं काहीतरी सांगायची, मी अंदाजानं "हो का? वा!" म्हणायचो. एकदा तिनं सांगितलं होतं की तिच्या मैत्रिणीची आजी गेली, आणि मी "वा! छान!" म्हटलं होतं. त्यानंतर ती फोनवर "आजीला दे" म्हणायला लागली. मला वाटायचं, मोठी झाली.

दुसऱ्या आठवड्यात कान तपासले. डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. रेषा बरी चाललेली, आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास एकदम खड्डा. म्हणाले, "गिरणीत होता का?" कागद बघूनच. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्याचा कान बहुतेक तिथंच आधी जातो, म्हणे. आणि गंमत बघा, पियानोची शेवटची, सगळ्यात उंच पट्टी ४१८६ हर्ट्झची. म्हणजे तिथंच. बाकीच्या पट्ट्या त्याच्या खाली असल्यामुळे मला पियानो ऐकू येत होता, पण हातोडी तारेवर पडतानाची जी धार असते ती येत नव्हती. ती धार यावी म्हणून मी आवाज वाढवत होतो. बोलण्यातले स, श, फ हेही वरच्या पट्टीतले. म्हणून बायका-मुलांचं बोलणं मला गुळगुळीत वाटायचं. लोक पुटपुटत नव्हते, मीच बहिरा होत होतो.

दोन्ही कानांच्या मशीनची किंमत अठ्ठेचाळीस हजार.

ठेव पन्नास हजारांची. हिशेब तुमच्याही लक्षात आला असेल. या वयात दोन्ही खर्च एकदम झेपत नव्हते. एक रात्र मी जागा होतो. खोटं कशाला सांगू, मनात आलं, मशीन काय पुढच्या वर्षी घेऊ, आता पन्नास वर्षांनी हातात पैसा आलाय. बायको जागीच होती. म्हणाली, "बीथोव्हेनला तुम्हाला ऐकू येतंय की नाही, त्याचं काय जातंय? नातीचं जातंय."

काही लोक कौतुकानं म्हणतात, बीथोव्हेनही बहिरा होता. होता. तिशीच्या आधीच त्याचे कान जायला लागले आणि शेवटचे सोनाटा त्यानं जवळजवळ काही ऐकू येत नसताना लिहिले. पण त्याच्याकडे मशीन घ्यायची सोय नव्हती. माझ्याकडे होती. तेव्हा ही बरोबरी इथंच थांबवू.

मशीन घेतलं. पहिला आठवडा भयंकर. ताटं, नळ, कुकरची शिट्टी, रिक्षा, सगळं अंगावर यायचं. पियानो पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा. मग मशीन बसवणाऱ्या मुलीनं संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून दिला, तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठं जमलं. हे मुद्दाम सांगतो. आपल्यात मशीन घेऊन कपाटात ठेवलेले निदान चार सभासद मला माहीत आहेत. त्यांनी परत जाऊन ते जुळवून घ्यावं. पहिल्या दिवशी जमत नाही, तिसऱ्या खेपेला जमतं.

गुरुवार पुन्हा सुरू झाले. फलकावर नवीन चिठ्ठी लावली: 'आवाज कमी केला आहे.' पुढच्या गुरुवारी अकरा माणसं. मी इतके दिवस गावाच्या आवडीला दोष देत होतो, दोष स्पीकरच्या बटणात होता.

आणखी एक गंमत झाली. या बत्तीस सोनाटांचं पहिलं संपूर्ण ध्वनिमुद्रण आर्टूर श्नाबेल नावाच्या पियानोवादकानं १९३२ ते १९३५ या काळात लंडनमध्ये केलं. ते मी बहिरेपणात ऐकायचो तेव्हा मला फार स्वच्छ वाटायचं. लोक म्हणायचे, जुनं आहे, खरखर आहे. मी म्हणायचो, कुठाय खरखर? मशीन लावून ऐकलं तर काय, पियानोच्या मागे सगळीकडे पाऊस! जुन्या तबकडीची खरखर वरच्या पट्टीत असते. इतकी वर्षं माझा खड्डा ती गिळून टाकत होता.

श्नाबेलच्या त्या ध्वनिमुद्रणाची हकिगत मात्र आपल्यासारख्यांनी ऐकण्यासारखी आहे. तेव्हा तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची. आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या त्याच काळातल्या. मिरजेच्या त्या थोर गवयाला राग तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला. आता बत्तीस सोनाटा म्हणजे दहा तासांहून जास्त. किती बाजू झाल्या बघा, दीडशेच्या आसपास. एवढा खर्च कोण करणार, आणि विकलं नाही तर? तेव्हा कंपनीनं वर्गणीदार मंडळ काढलं, बीथोव्हेन सोनाटा सोसायटी. लोकांनी आधी नाव नोंदवायचं, पैसे भरायचे, मग ध्वनिमुद्रण होऊन भागाभागानं तबकड्या घरी. इंग्लंडमधले सभासद होते, पार जपानमधलेसुद्धा होते. म्हणजे बघा, सभासद आधी, वर्गणी आधी, इमारत नंतर. आपण पंचवीस वर्षांपूर्वी जुळे सोलापुरात या उघड्या माळावर दुसरं काय केलं होतं?

असो. उन्हाळ्यात हॉलमध्ये बसवेना, म्हणून आठ वाजता गच्चीवर गेलो. एकोणतिसावा सोनाटा तिथं ऐकला. त्यातला संथ भाग पंधरा मिनिटांहून मोठा आहे. कुणी हललं नाही. दोन मुलं झोपली, तीही चांगलीच दाद. बत्तिसावा, शेवटचा, जूनमध्ये. त्याला दोनच भाग आहेत. दुसऱ्या भागात मध्येच लय अशी उड्या मारायला लागते की आमचा दहावीचा मुलगा म्हणाला, "आजोबा, हे तर जॅझ आहे!" जॅझ जन्माला यायला तेव्हा पाऊणशे वर्षं तरी अवकाश होता. पण त्याला जे ऐकू आलं ते बरोबरच होतं. शेवटी नऊ घरांतली माणसं टिकली. मीही टिकलो.

म्हणजे परीक्षा पास. पण पैसे संपलेले.

ही गोष्ट समितीच्या कानावर गेली. गेल्या सर्वसाधारण सभेत, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय यात, कुणीतरी प्रेमानं सुचवलं की रौप्यमहोत्सवाच्या निधीतून सोसायटीच्या वाचनालयासाठी हा संच घ्यावा. टाळ्याही पडल्या. मी उठून विरोध केला, तेव्हा काहींना वाईट वाटलं. म्हणून आज कारण सांगतो. आपली घरं अठ्ठेचाळीस. ऐकलं नऊ घरांनी. उरलेल्या एकोणचाळीस घरांच्या पैशानं माझी पन्नास वर्षांची हौस का फिटावी? पाण्याची टाकी सगळ्यांची, लिफ्ट सगळ्यांची. बीथोव्हेन ज्याला हवा त्याचा. पूर्वी लंडनला केलं तसंच करायचं, ज्याला ऐकायचंय त्यानं वर्गणी द्यायची. सात हजार दोनशे भागिले नऊ, आठशे रुपये. नऊही घरांनी दिले. अक्कांनी सुटे दिले.

मग प्रश्न आला, कुठला संच? श्नाबेल की केम्फ? श्नाबेलचं वाजवणं मला जास्त जिवंत वाटतं. अवघड जागी तो घसरतो, सूर चुकतात, पण थांबत नाही. केम्फनं १९६४-६५ मध्ये पुन्हा सगळे सोनाटा वाजवले ते स्टिरिओत, स्वच्छ, घरात बसून समजावून सांगितल्यासारखे. आम्ही हात वर करून मतदान घेतलं. केम्फ आठ, श्नाबेल एक. ते एक मत कुणाचं, ते सांगायला नको. सहकारात बहुमत चालतं. शिवाय १९७५ साली त्या काचेच्या खोलीत मी केम्फच परत देऊन आलो होतो.

आता मुलाचा प्रश्न उरतो: फुकट मिळतंय तर घ्यायचं कशाला? बत्तीस गुरुवारांनी त्याचं उत्तर दिलं. फोनवर संथ भागाच्या मध्यात साबणाची जाहिरात यायची. एकदा रेंज गेली. एकदा आम्ही ऐकत आलेलं ध्वनिमुद्रण पुढच्या गुरुवारी तिथं नव्हतंच, कुणीतरी काढून टाकलेलं. आणि फोन कधी म्हणत नाही, "आता संपलं." तो पुढचं लावतच जातो. खोक्याला पहिलं आणि शेवटचं असतं. तो कपाटात दिसतो आणि विचारतो, या आठवड्यात बसणार का?

पण हेही सांगतो, की ज्याला असं बसायचं नाही त्यानं खोका घेऊ नये. फुकटचं पुरे. आणि प्लेअर लागतो, तो आता सहज मिळत नाही. आमचा सी विंगमधल्या एका माळ्यावरून आला, जुना डीव्हीडी प्लेअर, धूळ झटकली, चालतोय. आणखी पंचवीस वर्षांनी चालेल का? कोण जाणे.

त्यावरून एकच गोष्ट सांगून थांबतो. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, पृथ्वीवरचं संगीत भरून. त्यात ग्लेन गूल्डचं पियानोवरचं बाख आहे. आणि आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ते यान निघालं आणि थोड्याच दिवसांत, त्याच सप्टेंबरात, केसरबाई गेल्या. तबकडीबरोबर सुईसुद्धा दिली आहे, आणि ती कशी वाजवायची हे वरच्या झाकणावर चित्रांनी कोरलं आहे. जगातली ही सगळ्यात महागडी तबकडी असेल, पण जिथं आहे तिथं ती लावायला आजपर्यंत कुणी भेटलेलं नाही.

आपला संच सात हजार दोनशेचा आहे. कार्यालयातल्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहे. किल्ली सेक्रेटरी मॅडमकडे. पहिल्या सोनाटापासून पुन्हा सुरुवात येत्या गुरुवारी, सात वाजता. वर्गणी दिलेली नसली तरी या. आवाजाचं बटण आता त्या दहावीतून अकरावीत गेलेल्या मुलाकडे दिलं आहे.

आणि हो, नातीचा फोन रविवारी असतो. आता "आजीला दे" म्हणायच्या आधी दहा मिनिटं माझ्याशी बोलते.